भाकरीला काकवी, पावाला जॅम

साखरांबा आणि गुळांबा या दोन बरण्यांत फळ एकच असते, कैरी. वेगळे असते ते गोड, आणि मराठीने नाव दिले तेही त्या गोडालाच. इंग्रजी बरणीवर आधी फळाचे नाव येते. आपल्याकडे साखर की गूळ ते आधी कळते, कैरी गृहीतच असते. ही नुसती शब्दांची गंमत नाही. फळ गोडात मुरवण्याची रीत देशोदेशी का बदलते, याचे उत्तर बहुतेक जण फळबागेत शोधतात: संत्री तिथे मार्मालेड, आंबा तिथे मुरंबा. माझ्या मते फळाचा मान दुसरा. गोड कुठून आणि किती स्वस्तात मिळते आणि ते कशाशी लावून खायचे, या दोन गोष्टींवर बरणीचे भवितव्य ठरते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे शिरूर आणि दौंड हे तालुके याचा चांगला पुरावा आहेत. इथे गोडाची रेलचेल आहे, तरी जॅम इथल्या ताटाचा कधी झाला नाही.

आधी शब्दांचा प्रवास पाहू. मुरंबा हा मूळचा अरबी ‘मुरब्बा’. मराठी कानाला त्यात ‘मुरणे’ही ऐकू आले आणि ‘आंबा’ही, आणि परका शब्द घरचा होऊन बसला. मार्मालेड हा शब्द ‘मार्मेलो’ या पोर्तुगीज शब्दावरून आला. मार्मेलो म्हणजे क्विन्स हे सफरचंदासारखे दिसणारे तुरट फळ. पोर्तुगीज ब्राझीलला गेले तेव्हा क्विन्सची जागा पेरूने घेतली, गोव्यात पेरूची पेराड आणि आंब्याची मांगाड झाली. फळ प्रत्येक बंदरावर बदलले, साखरेत आटवण्याची रीत तीच राहिली. युरोपीय संघाच्या २००१ सालच्या नियमात तर जॅमपुरते गाजर आणि रताळेही फळांत धरले आहे. आपल्याकडच्या १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाने जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ पुरे मानले. म्हणजे कायद्याच्या हिशेबातही फळ अल्पमतात असले तरी चालते.

आता शिरूर-दौंडकडे येऊ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा बाजरी-ज्वारीचा मुलूख. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंडकडे आले, पुढे चिंचणीला घोड नदीवर धरण झाले, आणि जिथे पाणी पोचले तिथे ऊस उभा राहिला. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने त्याच पाण्यावर उभे राहिले. कारखान्याच्या जोडीला गुऱ्हाळ आहेच. चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर काहिलीत उकळणारा रस, रानभेंडीच्या चिकट पाण्याने वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकणारा गुळव्या. रस ११८ अंशांच्या आसपास गेला की तो वाफ्यात ओतायचा, त्याची ढेप होते. पण त्याआधीच, साधारण १०५ अंशांवर, तो काढून घेतला तर ती काकवी. आणि १०५ अंश हाच जॅम उतरवण्याचाही बिंदू. भांड्यातले रसायनही फार वेगळे नाही. काकवीत साखरेचे खडे बसू नयेत म्हणून लिंबाचे सत घालतात, गुळांब्यात तेच काम कैरीतले आम्ल करते. चमच्यावरून संथ उतरणारी ही तपकिरी काकवी म्हणजे या मुलखाचा अस्सल जॅम आहे. त्यात फळ तेवढे नाही.

आक्षेप असा येईल की फळच नाही, तर तुलना कसली? पण जॅम मोठा झाला तो फळामुळे की पावामुळे, हे आधी तपासावे. इंग्लंडमध्ये १८७४ मध्ये साखरेवरचा कर पूर्ण उठला. साखर स्वस्त झाली, आणि गिरणी कामगाराच्या घरात चूल न पेटवता होणारे जेवण म्हणजे पाव आणि जॅम असे समीकरण बसले. त्याच काळात त्याच पावावर गोल्डन सिरपही आले, आणि त्यात फळाचा थेंब नव्हता. साहेबाच्या संगतीनेच हे खाणे पसरत असते, तर ते शिरूरला लवकर रुजायला हवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे कंपनीची छावणी होती. १८१७ च्या अखेरच्या रात्री पुण्याकडे निघालेली आणि वाटेत कोरेगावला लढलेली फौज शिरूरहूनच निघाली. पण छावणी उठली आणि भाकरी राहिली. गोव्यात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव रोज दारी येऊ लागला, म्हणून तिथे मांगाडही घरची झाली. इथे गहू सणावाराचा होता, रोजची बाजरीची भाकरी. तिला लसणाची चटणी चालते, गुळाचा खडा चालतो, काकवी चालते. फळाचा आटीव गर तिच्यावर चढवण्याची गरज कुणाला पडली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पोलंड आणि चेक मुलखात आलुबुखारे साखरेवाचून तासन्‌तास आटवून ‘पोविद्ला’ करतात. तिथे तर फळच सर्वस्व. पण साखर महाग होती तेव्हा तिथे पिकलेले आलुबुखार हाच गोडाचा स्वस्त साठा होता. म्हणजे गोड कुठून येते हाच प्रश्न तिथेही निर्णायक ठरला. कोकणातली आंबापोळी याच न्यायाची, फक्त तिथे लाकडांऐवजी ऊन. राहिला आवळा. चरकसंहितेतल्या च्यवनप्राशात पाचशे आवळे लागतात, म्हणजे फळ गोडात टिकवण्याची विद्या अरबी शब्दाच्या आधीही इथे होती. पण मोरावळा कुणी भाकरीला लावत नाही. सकाळी एक आवळा, तोही पित्तावर. ज्या पदार्थाला सोबत नाही तो औषधाच्या फडताळात राहतो, त्याचा कारखाना व्हायला वेळ लागतो.

हे खरे असेल तर सोबत बदलल्यावर बरणीही बदलायला हवी, आणि ती बदलते आहे. गव्हाची पोळी रोजची झाली तसा डब्यात जॅम लावलेला पोळीचा रोल आला. बरणीत घालायला फळही आहे: दौंड तालुक्यातल्या खोरचे अंजीर झाडावरून उतरले की दोन-तीन दिवसांत उतरणीला लागते. शेजारच्या पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२४ मध्ये त्याचा रस पोलंडला गेला, त्याच पोविद्लाच्या देशात. फळ इथे आधीही होते. साखर तर कारखान्याच्या धुराड्याखालीच होती. इतकी वर्षे खोळंबली होती ती पोळी.