गायतोंडे आणि रॉथ्को : एका तुलनेचा इतिहास

वासुदेव संतू गायतोंडे यांना ‘भारताचे रॉथ्को’ म्हणण्याचा प्रघात इतका रूढ झाला आहे की, ती आता एक पदवीच होऊन बसली आहे. तिच्यात गौरव आहे हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या गौरवाच्या पोटात एक गृहीत दडलेले असते. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये अमूर्त अभिव्यक्तिवादाची जी लाट उठली, तिचे पाणी काही वर्षांनी मुंबईच्या किनाऱ्यास लागले आणि गायतोंडे यांची चित्रकला ही त्या पाण्याची खूण होय, असे ते गृहीत. कलावंताच्या घडणीविषयीचे कोणतेही विधान अखेर कालक्रमाच्या कसोटीस उतरावे लागते. आणि येथे नेमका कालक्रमच आड येतो.

गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपूर येथे, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात झाला. ते वाढले गिरगावातील चाळीत. १९४८ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतल्यावर १९५० मध्ये त्यांना प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये येण्याचे निमंत्रण मिळाले. तोवर त्या गटाची पांगापांग सुरू झाली होती. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला. गायतोंडे मुंबईतच राहिले. त्यांच्या आरंभीच्या चित्रांत जैन पोथ्यांतील चित्रे व लघुचित्रे यांचे सपाट, निर्भर रंग दिसतात. पुढे पाउल क्ले यांच्या अभ्यासाने रेषा मोकळी झाली, मनुष्याकृती विरळ होत गेल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस त्या पार मावळल्या. या काळात वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांची कामाची जागा होती. तेथे चित्रकारांच्या शेजारी नाटकाच्या तालमी चालत, सतारीचे शिक्षण चाले, आणि समोर समुद्र होता. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले.

‘रॉथ्को’ हे नाव या कथेत येते ते १९६३ मध्ये, आणि तेही एका अमेरिकन चित्रकाराच्या तोंडून. मॉरिस ग्रेव्ह्ज त्या वर्षी भारतात आले असता त्यांनी गायतोंडे यांची चित्रे पाहिली व न्यूयॉर्कच्या विलर्ड गॅलरीला पत्र लिहून कळविले की, हा चित्रकार रॉथ्को यांच्या तोलाचा आहे. रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन गायतोंडे न्यूयॉर्कला गेले ते त्यानंतर, १९६४ मध्ये. म्हणजे ज्या प्रवासातून हे साम्य उपजले असे सांगितले जाते, त्या प्रवासाआधीच ते एका जाणत्याच्या दृष्टीस पडले होते. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्यांचे १९६२ चे एक चित्र आहे. त्यात कोणतीही वस्तू नाही. रंगाच्या एका विस्तारात अस्पष्ट खुणा उमटल्या आहेत, एवढेच. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा गायतोंडे यांचा प्रश्न सुटला नव्हता, परंतु तो मांडून झाला होता.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना काहीच लाभले नाही, असे म्हणणे हा उलट बाजूचा अतिरेक होईल. त्यांनी रॉथ्को यांच्या स्टुडिओला भेट दिली, तेथील प्रदर्शने पाहिली. परतल्यानंतरच्या काही वर्षांत त्यांचा आडवा कॅनव्हास उभा होऊ लागला आणि अखेरपर्यंत बहुधा तसाच राहिला. आडव्या चौकटीत क्षितिजाचा, म्हणजे निसर्गचित्राचा, भास सहसा टळत नाही. उभ्या चौकटीत तो बराचसा टळतो. हा बदल लहान नव्हे.

तथापि दोघांच्या चित्रांचा जन्म कसा होतो हे पाहिले की, साम्य मागे पडते. रॉथ्को पातळ रंगांचे थर एकावर एक चढवीत. मानवी भावनांचे, विशेषतः शोकाचे, नाट्य हेच आपले प्रयोजन, असा त्यांचा आग्रह होता. गायतोंडे रोलरने आणि पॅलेट-नाइफने रंग पसरीत, आणि मग तो काढून घेत. वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर टेकवून उचलले की, खालचा थर कोठे उघडा पडे, कोठे नवी खूण उमटे. चित्र जितके लावण्यातून होई तितकेच काढण्यातून. वर्षाकाठी पाचसहाच चित्रे पुरी होत, आणि बराचसा वेळ नुसते बसून पाहण्यात जाई. झेन, निसर्गदत्त महाराज, जे. कृष्णमूर्ती यांची नावे या संदर्भात नेहमी घेतली जातात. त्यांचे आकर्षण गायतोंडे यांना होतेही. परंतु पुष्कळदा ही नावे चित्राकडे पाहण्याचे कष्ट वाचविण्याच्या कामी येतात.

स्वतः गायतोंडे यांना ‘अमूर्त’ हे विशेषण मान्य नव्हते. अमूर्त म्हणजे मूर्तातून काहीतरी वजा केलेले. आपले चित्र वस्तुनिरपेक्ष आहे, असे ते म्हणत. मराठी समीक्षेला हा भेद कळण्यास अडचण पडावयास नको होती. बा. सी. मर्ढेकर यांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या आधारे लौकिक भावनांपासून स्वतंत्र अशी सौंदर्यभावना याच दशकात मांडली होती, आणि त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ला १९५६ मध्ये साहित्य अकादेमीचा पुरस्कारही मिळाला होता. त्या सिद्धांताला ज्या प्रकारची कलाकृती सर्वांत अनुकूल ठरली असती, ती त्याच शहरात, त्याच सुमारास घडत होती. पण मर्ढेकरांवरचा पुढचा वाद मुख्यतः कविता व कादंबरी यांच्या आखाड्यात खेळला गेला. चित्राची भाषा परदेशी पत्रातून आलेल्या उपमेवर सोपवून दिली गेली, हे त्या वादाचे दुर्दैव म्हणावे लागेल.

१९७१ मध्ये पद्मश्री, १९७२ मध्ये दिल्लीस स्थलांतर, आणि निजामुद्दीन भागातील एका लहान जागेत एकाकी वास्तव्य. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन उघडले. ते संग्रहालय १९३९ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याच्या नावातच ‘वस्तुनिरपेक्ष चित्रकला’ हे शब्द होते. हे दोन्ही पाहण्यास गायतोंडे हयात नव्हते. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले होते.

१९८४ मधील अपघातात त्यांच्या मानेस इजा झाली व मोठ्या कॅनव्हासवरचे काम काही वर्षे थांबले. त्या काळात त्यांनी लहान कागदांवर शाईने रेखाटने केली. कोणत्याही लिपीत न बसणाऱ्या अक्षरांसारख्या त्या खुणा आहेत. रंग नाही, थर नाही, पुसून काढण्याची सोय नाही. कॅनव्हासवरची जी शांतता रॉथ्को यांच्या नावे जमा केली जाते, ती येथे शाईच्या चारदोन फटकाऱ्यांतही तितकीच भरलेली आहे.