एका कॅमेऱ्याचे दोन डोळे

दोन वर्षांपूर्वीं माझ्या डाव्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. त्या दिवसांत माजघरांतल्या झोपाळ्यावर नात झोके घेऊं लागली म्हणजे बाजूनें पाहतांना मला ती सरळ न जातां लंबगोलांत फिरत असल्यासारखी दिसे. घरच्या मंडळींनीं ही गोष्ट माझ्या वयाच्या खात्यावर मांडली. मला मात्र तिचा उलगडा झाला तो छायाचित्रणाच्या इतिहासांत.

एकच वस्तु आपले दोन डोळे सुमारें साडेसहा सेंटिमीटरांच्या अंतरावरून पाहतात, म्हणून त्यांना मिळणारीं चित्रें किंचित् निराळीं असतात. आणि त्या फरकावरून मेंदू खोली ताडतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यानें इ. स. १८३८ मध्यें रॉयल सोसायटीपुढें हें मांडलें. छायाचित्रणाची कला तेव्हां जाहीरही झालेली नव्हती. त्यानें आपल्या आरशांच्या यंत्रांत रेखाचित्रेंच बसविलीं होतीं. पुढें ब्रूस्टरची भिंगांची पेटी निघाली, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत ती गाजली, आणि घनचित्रें दिवाणखान्यांत शिरलीं.

दोन भिंगांचा कॅमेरा ज्याच्यापाशीं नसे, तो एक चित्र घेऊन कॅमेरा दोन-अडीच इंच बाजूला सरकवी व दुसरें घेई. समोर पुतळा असला तर ठीक. पण तेवढ्यांत फांदी हलली किंवा मुलानें चुळबुळ केली कीं सारा डाव फसे. काळ हा या विद्येचा शत्रूच होता. त्याला मित्र केलें वॉरन डी ला रू यानें. चंद्रासाठीं दोन-अडीच इंचांनीं काय होणार? परंतु चंद्र आपल्याकडे पाहतांना मान किंचित् डोलावतो. कधीं या बाजूची कड अधिक दाखवितो, कधीं त्या. म्हणून निरनिराळ्या वेळीं घेतलेलीं दोन चित्रें शेजारीं ठेवून १८५८ च्या सुमारास त्यानें चंद्राचा गोल उठावदार करून दाखविला. कॅमेरा सरकविण्याऐवजीं तो थांबला, इतकेंच!

त्यानंतरची गोष्ट जर्मनींतील येना शहरची. झाइस कारखान्यांतील कार्ल पुलफ्रिख यानें १९२२ मध्यें प्रसिद्ध केलें कीं, एका डोळ्यापुढें काळी कांच धरून हेलकावणारा लंबक पाहिला तर तो लंबगोलांत फिरतांना दिसतो. अंधुक चित्र मेंदूला क्षणभर उशिरा पोंचतें, हें त्याचें कारण. आणि तें सुचविणाऱ्या फेर्च या सहकाऱ्याचें श्रेय त्यानें लपविलें नाहीं. पण पुलफ्रिख स्वतः एका डोळ्यानें आंधळा होता. ज्या दृश्याला जग त्याचें नांव देतें, तें त्याला पाहतां येत नव्हतें. शिक्षकाच्या धंद्यांत मीं पुष्कळ शोध शिकविले. याच्याइतका जिवाला लागलेला दुसरा नाहीं.

आतां घरचा प्रयोग. मोबाइलचा कॅमेरा बाजूकडे रोखून झपझप चाललें, तर सेकंदाला सुमारें १.६ मीटर वाट सरते. सेकंदाला २५ चित्रें घेतलीं तर लगतच्या दोन चित्रांत ६.४ सेंटिमीटर अंतर पडतें, म्हणजे जवळजवळ दोन डोळ्यांतलेंच! एका डोळ्याला एक चित्र मागचें दाखविलें कीं चलच्चित्रांत खोली आली. तेवढी खटपट नको असेल तर तेंच चलच्चित्र साधें लावून एका डोळ्यापुढें काळ्या चष्म्याची कांच धरावी. कॅमेरा उजवीकडे जात असेल तर ती डाव्या डोळ्यापुढें हवी. उलट धरली तर जवळचें लांब आणि लांबचें जवळ होतें. मध्येंच एखादी सायकल धांवली तर ती भलत्याच अंतरावर तरंगते. त्यावर उपाय नाहीं.

शस्त्रक्रिया होऊन आतां माझे दोन्ही डोळे सारखे उजळले आहेत. नातीचा झोका सरळ जातो. लंबगोल पाहावयाचा तर मलाहि काळी कांच धरावी लागते.