लेझर अंतरमापक (शिकार व वन्यजीव निरीक्षण)

लेझर अंतरमापक हे प्रकाशाचा स्पंद लक्ष्यावर पाठवून आणि तो परत येण्यास लागलेला वेळ मोजून अंतर ठरवणारे उपकरण आहे. सैन्यदल, सर्वेक्षण, बांधकाम, गोल्फ, वन्यजीव गणना आणि शिकार अशा अनेक क्षेत्रांत ते वापरले जाते. ज्या देशांत नियंत्रित शिकारीला परवानगी आहे, तेथे लांब पल्ल्यावरून नेम धरणारे शिकारी हे उपकरण बाळगतात. भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीवर कायद्याने बंदी आहे. त्यामुळे महाराष्ट्राच्या जंगलांत त्याचा उपयोग मुख्यतः प्राण्यांची गणना आणि त्यांना बेशुद्ध करून पकडण्याच्या मोहिमांपुरता आहे.

कार्यतत्त्व

प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. उपकरणातून निघालेला अवरक्त लेझर स्पंद लक्ष्यावर आपटून विखुरतो आणि त्याचा अल्प अंश संवेदकाकडे परततो. जाण्यायेण्याच्या वेळेला प्रकाशवेगाने गुणून निम्मे केले की अंतर मिळते. ३०० मीटरवरील लक्ष्यासाठी हा वेळ सुमारे २ मायक्रोसेकंद असतो. एक मीटरचा फरक ओळखण्यासाठी घड्याळाला सुमारे ६.७ नॅनोसेकंदांचा फरक टिपावा लागतो.

इतिहास

लेझरपूर्वी दोन भिंगांतील प्रतिमा जुळवून अंतर काढणारी प्रकाशीय अंतरमापके तोफखान्यात व युद्धनौकांवर वापरली जात. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेझर कार्यान्वित केल्यानंतर काही वर्षांतच लष्करी लेझर अंतरमापके तयार झाली. १९६९ मध्ये अपोलो ११ मोहिमेने चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकामुळे याच तत्त्वाने पृथ्वी-चंद्र अंतर मोजता आले. अर्धवाहक लेझर स्वस्त झाल्यावर खिशात मावणारी नागरी उपकरणे बाजारात आली.

लांब पल्ल्यावर अंतराचे महत्त्व

बंदुकीची गोळी सरळ रेषेत जात नाही. नळीतून सुटल्यापासून ती गुरुत्वाकर्षणामुळे खाली येते. हवेचा रोध दुर्लक्षिला, तरी सेकंदाला ८०० मीटर वेगाची गोळी ३५० मीटरवर सुमारे ९४ सेंटीमीटर आणि ४०० मीटरवर सुमारे १२३ सेंटीमीटर खाली येते. म्हणजे अंदाज ५० मीटरने चुकल्यास नेम जवळजवळ ३० सेंटीमीटरने ढळतो. हरणासारख्या प्राण्याच्या हृदय-फुप्फुसांचे क्षेत्र साधारण २० ते २५ सेंटीमीटर व्यासाचे असते. अशा चुकीमुळे प्राणी जागीच न मरता जखमी होऊन पळून जाण्याची शक्यता वाढते.

निवडीचे निकष

• प्रत्यक्ष पल्ला : उत्पादक जाहिरातीत देतात तो कमाल पल्ला बहुधा चकचकीत फलकासारख्या परावर्तक पृष्ठभागासाठी असतो. झाडासाठी तो कमी आणि प्राण्याच्या केसाळ अंगासाठी त्याहूनही कमी असतो. म्हणून मऊ लक्ष्यासाठी दिलेला आकडाच पाहावा लागतो.

• किरणाचा फैलाव : लेझर किरण अंतराबरोबर रुंदावतो. फैलाव २ मिलिरेडियन असेल, तर ५०० मीटरवर प्रकाशाचा ठिपका सुमारे १ मीटर रुंद होतो आणि प्राण्याऐवजी शेजारच्या झुडपाचे अंतर दिसू शकते.

• पहिले किंवा शेवटचे लक्ष्य : समोर गवत वा फांद्या असल्यास मागील वस्तूचे अंतर निवडण्याची सोय उपयुक्त ठरते.

• कोनदुरुस्ती : चढ-उतारावर नेमासाठी थेट अंतराऐवजी आडवे अंतर महत्त्वाचे असते. ३० अंशांच्या उतारावर ४०० मीटर थेट अंतराचे आडवे अंतर सुमारे ३४६ मीटर भरते.

• तरंगलांबी : नागरी उपकरणांत ९०५ नॅनोमीटरचा लेझर सर्रास आढळतो. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या पुढील भागातच शोषला जात असल्याने अधिक शक्ती वापरता येते. मात्र त्याचे संवेदक महाग असतात.

• दृश्यपटल व बांधणी : पहाटे व संध्याकाळी काळे आकडे अंधाऱ्या पार्श्वभूमीवर दिसत नाहीत, तेथे प्रकाशमान आकडे सोयीचे ठरतात. भिंगाचे वर्धन, वजन, जलरोधकता आणि थंडीत विजेरी किती टिकते, हेही पाहिले जाते.

मर्यादा

दाट धुके व पावसात स्पंद वाटेतच विखुरतो आणि मोजणी चुकते किंवा होतच नाही. अंतर अचूक कळले, तरी वारा, हवेची घनता, हातातील कंप आणि गोळी पोहोचेपर्यंत प्राण्याने केलेली हालचाल हे उपकरण टाळू शकत नाही. अंतर मोजता आले म्हणजे तेथपर्यंत नेम साधता येतोच असे नाही. प्राण्याला चाहूल लागण्याची संधीच न उरणारी अतिदूरची शिकार न्याय्य मानावी का, याविषयी परदेशातील शिकारी संघटनांतही मतभेद आहेत.

भारतातील कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचित वन्यप्राण्यांची शिकार निषिद्ध आहे. कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेत मारण्याबरोबरच जखमी करणे, पकडणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. कलम ११ नुसार मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या, तसेच बरे न होण्याइतक्या जखमी वा रोगग्रस्त प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. अनुसूची १ मधील प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा स्थलांतरित करणे शक्य नाही याची खात्री झाल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. परवानगीविना अभयारण्यात शस्त्र नेण्यासही मनाई आहे. गुन्ह्यात वापरलेली शस्त्रे, सापळे, वाहने व साधने जप्त होऊ शकतात.

महाराष्ट्रातील व वसई-विरार परिसरातील संदर्भ

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्य आहे. २००३ मध्ये घोषित झालेले हे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे क्षेत्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडणारा दुवा मानले जाते. येथील दाट झाडीत दृष्टी फार दूर पोहोचत नाही. अशा ठिकाणी हजार मीटरच्या पल्ल्यापेक्षा कमी अंतरावरील अचूकता, फांद्यांआडचे लक्ष्य ओळखण्याची क्षमता आणि पावसाळी दमटपणात टिकणारी बांधणी अधिक उपयोगाची असते.

वन्यजीव गणनेत निरीक्षक ठरावीक सरळ वाटेने चालतात आणि दिसलेल्या प्राण्याचे अंतर लेझर अंतरमापकाने व दिशा होकायंत्राने नोंदवतात. प्राणी ८० मीटरवर आणि वाटेशी ३० अंशांच्या कोनात असेल, तर त्याचे वाटेपासूनचे लंब अंतर ४० मीटर येते. अशा अनेक नोंदींवरून प्राण्यांच्या घनतेचा अंदाज काढला जातो. दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत वाघांच्या भक्ष्य प्राण्यांसाठी ही पद्धत वापरली जाते.

बेशुद्धीचे औषध असलेली सुई वायुदाबाच्या बंदुकीने मारताना अंतरानुसार दाब ठरवावा लागतो. जवळच्या प्राण्यावर जास्त दाबाने मारलेली सुई गंभीर इजा करू शकते. कमी दाब असल्यास ती पोहोचत नाही. म्हणून पशुवैद्यकांच्या दृष्टीने येथे काही मीटरची चूकही महत्त्वाची ठरते. मात्र प्रत्येक मोहिमेत सुई मारावी लागतेच असे नाही. २०२४ मध्ये वसई किल्ल्याच्या परिसरात वावरणारा बिबट्या वनविभागाने एप्रिलमध्ये पिंजरा लावून पकडला.