नाश्त्याला नगर, जेवायला जालना

पुण्याहून जालन्याला गाडीने जायचं तर रस्ता सोपा आहे. नगर (आता अहिल्यानगर), मग कायगाव टोक्याला गोदावरीवरचा पूल, मग औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, पुढे बदनापूर आणि जालना. आमच्या कॉलेजच्या टोळक्यातला एक जण आयटीतली नोकरी सोडून जालन्याला घरच्या बियाण्यांच्या दुकानात परत गेलाय. "या रे एकदा, इथे पण आता चांगली हॉटेलं झालीत" असं दोन वर्षं ऐकवत होता. शेवटी आम्ही तिघं शुक्रवारी रात्री निघालो.

आता गंमत बघा. हाच रस्ता १८०३ साली आर्थर वेलस्लीने पकडला होता. हो, तोच, ज्याने पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह करून इंग्रजांची फौज स्वतःच्या दारात आणली. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना ते मानवलं नाही, आणि ऑगस्टमध्ये लढाई जुंपली. ८ ऑगस्टला वेलस्लीने नगरची पेठ घेतली, १२ ला किल्ला. त्याच्या बाजूने असलेल्या गोखले नावाच्या मराठा सरदाराने पुण्यातल्या मित्रांना जे कळवलं ते प्रसिद्ध आहे: ही इंग्रज मंडळी अजबच, सकाळी आली, भिंत बघितली, चढून गेली, आतली शिबंदी कापून काढली आणि नाश्त्याला परत! आम्ही नगरला पहाटे तीन वाजता चहा प्यायलो. पराक्रम एवढाच.

वेलस्ली टोक्याला गोदावरी उतरला, २९ ऑगस्टला औरंगाबादेत पोचला. त्याचा सहकारी कर्नल स्टिव्हन्सन याने २ सप्टेंबरला जालना घेतलं. २१ सप्टेंबरला दोघं बदनापूरला भेटले आणि दोन वाटांनी निघून एकत्र हल्ला करायचं ठरलं. प्लॅन चांगला होता, पण २३ तारखेला वेलस्लीला कळलं की शत्रू अगदी समोरच आहे, आणि तो स्टिव्हन्सनसाठी थांबला नाही.

ही लढाई झाली ते असई गाव भोकरदन तालुक्यात, केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यात आहे. रविवारी सकाळी मित्राने तिकडे नेलं. आजूबाजूला शेतं, मधे नदीचं पात्र. वाटाडे वेलस्लीला सांगत होते की इथे नदीला उतार नाहीच. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर अलीकडे एक गाव आणि बरोबर समोर पलीकडे दुसरं (इंग्रजी कागदांत पिपलगाव आणि वरूर). दोन गावं अशी समोरासमोर आहेत म्हणजे लोक ये-जा करत असणारच, म्हणजे उतार असणारच! डॉक्युमेंटेशन काय म्हणतं ते सोडा, युजर काय करतो ते बघा. आमच्या धंद्यात हे कळायला लोकांना दहा वर्षं लागतात.

पण एक गोष्ट त्याने धरली नव्हती. बाजूने हल्ला आल्यावर शिंद्यांच्या कवायती पलटणींनी अख्खी रांग वळवून त्याच्याकडे तोंड केलं, आणि तेही सफाईने. महादजींच्या काळात उभी राहिलेली ही शिस्त होती. तोफांनी इंग्रजांचे तोफा ओढणारे बैलच मारले, त्यामुळे त्यांना तोफा मागे टाकून पुढे जावं लागलं. चौऱ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीचा एक क्वार्टरमास्टर सोडला तर प्रत्येक अधिकारी ठार किंवा जखमी झाला. वेलस्लीचं एकूण नुकसान १५८४ माणसांचं. संध्याकाळी सहापर्यंत मात्र मैदान त्याचं होतं आणि ९८ तोफा त्याच्या हातात.

'आपले' हरले म्हणावं तर आपले कोण? पलटणींचा मुख्य पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन, पूर्वी कंपनीच्याच नोकरीत होता. पलीकडे वेलस्लीच्या बाजूला मद्रासी शिपाई आणि खुद्द पेशव्यांचे घोडेस्वार. शिंदे आणि भोसले रणातून आधीच निघून गेले होते. तोफांपाशी उभे राहून मेले ते गोलंदाज. त्यांची नावं कुठल्याच शाळेत कोणी पाठ करत नाही. मला विचाराल तर असईचं खरं स्मारक त्यांचं हवं.

मित्राला मात्र दुसऱ्याच गोष्टीत रस. "हे सगळे खात काय होते?" (बियाणंवाला आहे, त्याला असंच सुचणार.) प्रश्न फालतू नाही. वेलस्लीची खरी ताकद रसद होती: म्हैसूरचे बैल आणि धान्य वाहणारे लमाणांचे तांडे. त्याची फौज जेवत होती. मुलुखाचं काय? आधीच लुटालूट, त्यात पाऊस नाही, त्यात उभ्या पिकांवरून फौजा गेलेल्या. १८०३-०४ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लोक उपाशी मेले. लढाईच्या पुस्तकांत याला फार तर एक परिच्छेद मिळतो.

शनिवारी रात्री मित्राच्या यादीतल्या नव्या हॉटेलात बसलो होतो. एक मंदी हाउस आणि एक पिझ्झावाला बाद करून हे निवडलं होतं. शेवभाजी झणझणीत, भाकरी गरम, आणि स्टार्टरमध्ये क्रिस्पी भेंडी. "ही खा, ही जालन्याची आहे," मित्र म्हणाला. तसं म्हणायला आधार आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी सुरुवात केली ती पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून. १९६४ मध्ये जालन्यात महिको काढली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुन्या बाजारपेठेवरून, पण बियाण्यांना आणि सळयांच्या कारखान्यांनाही ती लागू पडते.

पाणी मात्र म्हणीत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात शहर टँकरवर होतं, नंतर जायकवाडीचं पाणी पाइपने आलं. मित्र त्याच उन्हाळ्यात पुण्यातून सुट्टीवर घरी आला होता. "आईने पाहुण्यांना चहा विचारायचं बंद केलं होतं रे," म्हणाला, आणि पाण्याची दुसरी बाटली मागवली.

असईचे जखमी पुढे अजिंठ्याला नेले, तिथे इंग्रजांचं इस्पितळ होतं. जवळच्या दरीतली लेणी इंग्रजांना दिसायला अजून सोळा वर्षं होती.