दोन पेचकस

कल्याणच्या आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो उघडायचा तर अब्बा जाड मुठीचा पेचकस घेत आणि आम्हा पोरांना लांब बसवत. आत दोन-अडीचशे व्होल्ट. मूठ विजेला अडवी, म्हणून माणूस वाचे.

मग १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, मागोमाग संगणक. धोका उलटला. आता जपायचं ते यंत्राला. चिपमध्ये काचेसारखा अतिसूक्ष्म पापुद्रा असतो. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका आपल्याला जाणवायला ३००० च्या आसपास व्होल्ट लागतात. काही चिप शंभराच्या आतच जातात. मुलीच्या संगणकाची मेमरी मी अशीच घालवली असावी. खात्रीने सांगता येत नाही, हेच तर दुखणं! खाडीकाठच्या पावसाळी हवेत ही वीज फारशी साठत नाही, डिसेंबरात साठते.

म्हणून अँटिस्टॅटिक पेचकसाची मूठ मुद्दाम किंचित वीजवाहक करतात. पात्यावरचा साठा हातात उतरतो, हातातला मनगटपट्ट्यातून अर्थिंगला. पट्टाच नसेल तर पेचकस एकटा काय करणार? घेताना काळ्या रंगावर जाऊ नका, ईएसडीची खूण पाहा. आणि चालू विजेजवळ तो नेऊ नका. तिथे जाड, वीजरोधक मूठच हवी. अब्बांचा पेचकस अजून आहे. मूठ तडकली, म्हणून वापरत नाही.