नाव बिनचूक पोहोचवणारे कार्ड

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर संपर्काच्या कामाला हॅम मंडळी, म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले, आपले संच घेऊन आली होती. (राजीव गांधीही परवानाधारक हॅम होते, त्यांचे संकेतनाव व्हीयू२आरजी.)

अशा वेळी पाठवायची असतात ती माणसांची नावे. खरखरीतून 'काळे' आहे की 'कांबळे', हे ऐकणाऱ्याने कसे ठरवायचे? आणि चुकले तर कुणाच्या घरी रडारड होईल ती फुकटची! पूर्वी तारेतही हाच धोका होता.

यावरचा उपाय तेव्हा जगात पंधरा वर्षे जुना होता. १९७१ साली हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, तो अलोहानेट. १९७८ मध्ये कॅनडात माँट्रियलच्या हौशी मंडळींनी तीच कल्पना आपल्या संचांवर आणली. मजकुराचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचा आकडा पाठवायचा. पलीकडे हिशेब जुळला तर पोच येते, नाही तर तुकडा पुन्हा जातो. हाच पॅकेट रेडिओ. त्याचे नियम एएक्स.२५ या नावाने ठरले.

आता गंमत पाहा. संगणकाला सिरियल पोर्ट आधीपासूनच होता, मग वेगळे कार्ड कशाला? कारण साधा पोर्ट प्रत्येक अक्षराच्या आधी एक आणि नंतर एक खुणेचा बिट लावतो. एएक्स.२५ मध्ये असे काही नाही. तिथे सबंध तुकडा सलग वाहतो आणि दोन्ही टोकांना ०११११११० ही खूण असते, आपल्या पूर्णविरामासारखी. पण मजकुरातच सहा १ लागोपाठ आले तर? म्हणून पाच १ झाले की पाठवणारा मध्ये एक ० घुसवतो आणि घेणारा तो काढून टाकतो. वर्गात मुलांच्या रांगेत दर पाचांमागे मॉनिटर उभा करावा, तसे.

ही हमाली करायला झिलॉग कंपनीची ८५३० ही चिप होती. घरी कार्ड बनवणारे पीसीच्या खाचेत बसेल अशी पट्टी घेत, तिच्यावर ८५३०, पत्ता ओळखणाऱ्या दोन-चार साध्या चिपा आणि ४.९१५२ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवत. हाच आकडा का? त्याला १२८ ने भागले की ३८,४०० येतात आणि ते १२०० च्या बरोबर ३२ पट आहेत. सेकंदाला १२०० बिट ऐकताना चिपला बत्तीसपट वेगाचे घड्याळ लागते, बोलताना मात्र एकपट. आणि चिपच्या प्रत्येक शाखेत घड्याळाचा भाजक एकच! मग कुणी बाहेरून ३२ ने भागणारी चिप जोडी, तर कुणी बोलणे-ऐकणे बदलताना प्रोग्रॅमकडूनच भाजक बदलून घेई. रेडिओवर एका वेळी एकच काम चालते, त्यामुळे दुसरी युक्ती चालून जाई, एक चिपही वाचे. मला ही काटकसर जास्त आवडते. पुढे संगणक वेगवान झाले तशी वेगळीच पंचाईत झाली. ८५३० ला दोन आज्ञांच्या मध्ये उसंत लागते. ती दिली नाही तर कार्ड चुकते आणि माणूस डाग दिलेले सांधे तपासत बसतो.

जर्मनीतल्या बेकॉमने तर चिपच गाळली. एक छोटा मॉडेम साध्या पोर्टला लावायचा आणि बिटांची मोजदाद संगणकाकडूनच करून घ्यायची. स्वस्त काम, पण संगणक त्यातच गुंतून पडे.

असो. मराठी माणसाला मात्र एक अडचण उरतेच. रोमन लिपीत 'काळे' आणि 'काले' एकच. वाटेत एक बिटही न हरवता पोहोचलेले नाव पलीकडे वेगळेच वाचले जाणार. खरे तर एएक्स.२५ ला लिपीशी काही देणेघेणे नाही, आठ बिटांचा कोणताही संकेत ते वाहून नेते. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा आठ बिटांचा संकेत १९९१ साली प्रमाण ठरला होता आणि पुण्याच्या सीडॅकचे जिस्ट कार्ड पीसीच्या पडद्यावर देवनागरी दाखवत होते. तेही तसल्याच खाचेत बसायचे. म्हणजे 'काळे' हे नाव 'ळ' सकट हवेतून बिनचूक पाठवायचे, तर एकाच पीसीत शेजारी शेजारी दोन कार्डे हवी होती, आणि पलीकडच्या पीसीतही तशीच दोन.