देवी काढल्यानंतरचे आठ दिवस : लसीकरणोत्तर बालसंगोपनाचा दुर्लक्षित इतिहास

लसीकरणाचा इतिहास बहुधा लस, डॉक्टर आणि कायदा यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. टोचल्यानंतर तापलेले मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईची नोंद त्यात क्वचितच आढळते. वस्तुतः लस स्वीकारावी की टाळावी, याचा घरातला निर्णय बऱ्याच अंशी याच दिवसांच्या अनुभवावर अवलंबून होता. प्रस्तुत लेखात मुंबई इलाख्याच्या संदर्भात या बाजूचा विचार केला आहे.

मराठीत 'देवी' हे रोगाचेही नाव आणि शीतलादेवीचेही. मुंबईतील माहीमला तसेच पालघर जिल्ह्यातील केळव्याला तिची देवळे आहेत. या रोगाविरुद्धच्या टोचणीलाही 'देवी काढणे' असेच म्हटले गेले. देवी आलेल्या घरात कडुनिंबाचा पाला ठेवणे, फोडणी न देणे, थंड आहार देणे, परक्यास मज्जाव करणे असे नियम पाळले जात. त्यांत श्रद्धा होती, तशीच शुश्रूषेची एक शिस्तही होती. बंगालमधील जुन्या टोचणीचे वर्णन हॉलवेल याने १७६७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातही टोचण्यापूर्वीचे आणि नंतरचे पथ्यपाणी विस्ताराने आले आहे. टोचणे आणि सांभाळणे या एकाच उपचाराच्या दोन बाजू मानल्या जात होत्या.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस गोस्तनदेवीची लस टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी टोचणी होय. तिच्या दंडावरील फोडातील लस घेऊन पुढे इतर मुलांना टोचण्यात आले. उष्ण हवेत लस टिकत नसे, त्यामुळे मुलाचा दंड हेच तिचे कोठार झाले. आठव्या दिवसाच्या सुमारास फोड भरे. टोचणारा पुन्हा येई आणि पुढच्या मुलासाठी त्यातील लस काढून घेई. आईच्या दृष्टीने नेमक्या याच दिवशी फोडाला हात लागता कामा नये. परजातीच्या शरीरातील द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाण्याची धास्ती होतीच. शिवाय उपदंशासारखा रोग या मार्गाने पसरू शकतो, हे युरोपातील डॉक्टरांनाही मान्य करावे लागले होते. तरीही विरोध करणाऱ्यांवर अंधश्रद्धेचा शिक्का मारणे प्रशासनाला सोयीचे वाटले. त्या विरोधाचा मोठा भाग मुलाच्या संगोपनाशी संबंधित होता, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर डॉ. अनंत चंद्रोबा दुखले यांनी १८६९ मध्ये मुंबईत वासराच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत सुरू केली. तिचे महत्त्व केवळ तांत्रिक नव्हते. मुलाच्या दंडावरचा फोड आता फोडण्याची आवश्यकता उरली नाही. मुंबई शहरापुरता सक्तीचा कायदा १८७७ मध्ये झाला. या बदलाने त्याची वाट काहीशी सुकर केली असावी. इलाख्याच्या ग्रामीण भागात मात्र जुनी पद्धत एकाएकी गेली नाही.

देवीचा रोग भारतातून १९७५ मध्ये गेला. १९७८ मध्ये विस्तारित आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. लसी बदलल्या, ताप राहिला.

नालासोपारा पूर्वेतील तुळिंज हे पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा अस्तित्वात आला. बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या अशा दाट वस्तीत अनेकींची सासू वा आई दूर गावी असते. पूर्वी आजीने सांगायचे ते आता परिचारिकेने दोन मिनिटांत सांगायचे असते. टोचल्यावर अर्धा तास थांबावे, अंगावर पाजणे चालू ठेवावे, टोचलेली जागा चोळू नये, सूज आल्यास गार पाण्याची घडी ठेवावी, ताप आल्यास पॅरासिटामॉल वजनाच्या मापानेच द्यावे. झटका आला किंवा बाळ तीन तासांहून अधिक सतत रडत राहिले तर दवाखाना गाठावा. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला हेच पुन्हा सांगावे लागते.

बीसीजीची गोष्ट थोडी निराळी आहे. जन्मतः टोचलेल्या डाव्या दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, वाहतो आणि वण ठेवून सुकतो. तोपर्यंत प्रसूतिगृहातील सूचना विसरलेली असते, आणि घरात हळद किंवा मलम शोधले जाते. त्याला काही लावू नये, तो दाबू नये, एवढेच सांगायचे असते.